केस झोपल्यात नुसते

ती माणसाच्या तोंडाकडे आधी बघायचीच नाही. आधी डोकं बघायची. दारात कोणी बाई आली, की तिची नजर थेट भांगावर. मग जवळ जाऊन केसांखाली हात घालायची आणि मेथीची जुडी हातात घेऊन बघावी तसे ते केस दोनदा वर-खाली करायची. ती बाई बिचारी कसनुशी होऊन म्हणायची, आमचे केस म्हणजे काय, असून नसल्यासारखे. त्यावर हिचं उत्तर ठरलेलं.

"हायत की केस. झोपल्यात नुसते. उठवूया."

आमच्या समोरच्या घरात, रस्त्याकडच्या खोलीत तिचं पार्लर होतं. नाव काही का असेना, पेठेत तिला सगळे पार्लरवालीच म्हणायचे. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल, ज्याला नावानं कोणी हाक मारत नाही पण ज्याच्यावाचून सणवार होत नाहीत. तसं समजा.

मी चौथीपर्यंत शिकलो आणि पुढची उमर शिरोलीच्या बाजूला एका फाउंड्रीत साचे भरण्यात गेली. लिहायचा हात नाही. पण बायकोचं वर्षश्राद्ध जवळ आलंय, आणि बायकोची आठवण काढायला बसलो की ही पार्लरवाली मधे येऊन उभी राहते. तिला बाजूला सारून पुढं जाता येत नाही. म्हणून आधी तिचं लिहितो.

नव्वदच्या पुढची गोष्ट. शिवाजी पेठेत तेव्हा तालमी होत्या, फुटबॉलची मंडळं होती, समोर धार काढून देणारे दुधाचे कट्टे होते, पण बायकांचं पार्लर आमच्या गल्लीत पहिलंच. दाराला माशांच्या चित्रांचा पडदा लावलेला. पहिल्याच आठवड्यात मी कामावरून येत होतो, तर पडद्याआडून बाईचं कण्हणं ऐकू आलं. मला वाटलं आत काहीतरी वाईट चाललंय. मी पडदा बाजूला करून तसाच आत घुसलो. खुर्चीत एक बाई मान मागं टाकून बसलेली, डोळ्यांतनं पाणी, आणि ही तिच्या कपाळाशी तोंडात दोरा धरून वाकलेली. दोऱ्यानं भुवया उपटतात हे मला त्या दिवशी कळलं. मी मागं सरलो तर ही दोरा न सोडता म्हणाली, "मामा, तुमच्याबी भुवया लई माजल्यात. आलाच हायसा तर बसा."

गल्लीत ते महिनाभर चाललं. कट्ट्यावरचे माझ्या भुवयांची चौकशी करायचे.

तिचा नवरा पेठेतल्या मंडळाकडून फुटबॉल खेळायचा. गुडघा गेला आणि खेळही गेला, तेव्हापासून तो दुसऱ्यांचे सामने बघत फिरायचा. त्याच्या भिडेपोटी एकदा तिनं गोलकीपरच्या केसांना मंडळाचा पिवळा रंग लावून दिला. रंग पिवळा होण्याऐवजी गंजलेल्या पत्र्यासारखा झाला. मैदानावर समोरच्या मंडळाच्या पोरांनी त्याला भंगारवाला, भंगारवाला म्हणून ओरडून बेजार केलं. सामना मात्र आमच्या पेठेनं मारला. दुसऱ्या दिवशी नवरा सगळ्यांना सांगत सुटला की रंग मुद्दामच तसा लावलेला. ही दारात उभी राहून म्हणाली, रंग माझा चुकला, गोल त्यानं अडवलं, उगं एकात एक घालू नका. नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. तिला झाकता यायचं नाही. चूक झाली की ती अंगणात वाळत घातल्यासारखी सगळ्यांसमोर टाकायची.

आता माझ्या बायकोकडे येतो.

माझ्या बायकोचे केस जन्मापासून पातळ. तिच्या माहेरी सगळ्यांचेच तसे. मऊ होते, काळे होते, पण इतके विरळ की वेणी घातली तर करदोट्याएवढी व्हायची. लग्न झालं तेव्हा माझ्या आईनं सगळ्यांदेखत म्हटलं होतं की पोरगी चांगली आहे, डोक्याचं तेवढं देव विसरला. ते वाक्य बायकोच्या मनातनं कधी गेलं नाही. ती गंगावन लावायची. म्हणजे वेणीत गुंफायचे उसने केस. ते गंगावन ती धुवायची मोरीत कडी लावून, आणि वाळत घालायची आतल्या खोलीत, त्यावर माझा टॉवेल टाकून. घरात कोणी आलं तर टॉवेलाकडे बघतच बोलायची. मला त्याचं काही वाटायचं नाही. पण तिची ती धडपड बघून मलाच कुठंतरी तोंड लपवावंसं वाटायचं.

मुलीचं लग्न ठरलं. कागलकडचे पाहुणे, सुपारी फुटली, साखरपुडा पंधरवड्यावर आला. देवदर्शन करून यावं म्हणून आम्ही जोतिबाला गेलो. रविवार होता, गुलाल नुसता उधळलेला, पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नाही. दर्शन घेऊन उतरताना गर्दीत कोणाच्या तरी हाताला बायकोची वेणी अडकली आणि गंगावन सुटून पायऱ्यांवर पडलं. मागनं एक माणूस मोठ्यानं म्हणाला, "ओ पावणं, मंडळींचं काय पडलंय बगा की."

त्याचं काही वाईट मनात नव्हतं. पाकीट पडलं असतं तरी त्यानं तसंच हटकलं असतं. पण आजूबाजूच्या सगळ्या माना वळल्या. मी वाकून ते उचललं. गुलालानं माखलेलं, लाल, ओलसर. नारळाच्या पिशवीत कोंबलं. बायकोनं पदर डोक्यावरून घेतला तो कपाळापर्यंत ओढला. जीपमधून घरी येईपर्यंत ती बाहेर बघत होती. मी एकदा म्हटलं, कुणाच्या ध्यानातबी राहणार न्हाय. 

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेल्यावर ती रस्ता ओलांडून समोर गेली. म्हणाली, हे उसनं जोखड मला साखरपुड्यात नको, केसांचं काय करता येईल ते कर.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. पेठेत तेव्हा मोठ्या वयाची बाई केस कापून घेत नसे. पार्लरवालीकडे भुवया व्हायच्या, मेंदी व्हायची, नवरीचं सगळं व्हायचं. शाळेतल्या पोरींच्या केसांची टोकं ती कापायची, तेवढंच. राजारामपुरीत कुठंतरी तिनं कोर्स केला होता, पण कापायला डोकी मिळेनात म्हणून घरी खुंटीला जाडजूड गंगावन टांगून त्याच्यावर हात बसवत होती. माझ्या बायकोनं मान पुढं केली तेव्हा तिला वाटलं, आता आपली कला दाखवायची वेळ आली. भिंतीवरच्या चित्रातल्या बाईसारखा, पायऱ्यापायऱ्यांचा कट तिनं मारला. जाड केसांवर तो खुलतो. त्यात केस ओले असताना कापले. ओले केस एकत्र बसतात, कट सरळ आलाय असं वाटतं. वाळले तसे एकेक करून आपापल्या वाटेनं निघून गेले.

मी घरी आलो तर बायको स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसलेली. पदर डोक्यावर. मुलगी दारात उभी राहून रडत होती. मी म्हटलं, कोण गेलं काय. मुलगी म्हणाली, आईचे केस. बायकोनं पदर काढला नाही, मुलीनं काढला. वरचे केस टाळूला चिकटलेले, खालचे चार दिशांना पिंजारलेले, आणि मधल्या भागात सरळ कातडी दिसत होती. पावसात सापडलेलं कोंबडीचं पिल्लू असतं तसं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे आता गंगावनही लावता येत नव्हतं. ते गुंफायला मागं आपले केस तरी लागतात. तिथं काही उरलंच नव्हतं. आधी झाकायला होतं, ते झाकणंही गेलं.

पार्लरवाली त्या संध्याकाळी आमच्या उंबऱ्याशी आली. आत आली नाही. दोन्ही हात पदरात गुंडाळलेले.

"आक्का, माझं चुकलं. पातळ केसांचं मला कळत न्हवतं."

बायकोनं पदर आणखी पुढं ओढला. पार्लरवाली उंबऱ्यावरूनच परत गेली. दुसऱ्या दिवशी पार्लर उघडलं नाही.

आमच्याकडं बायकांनी केस कापले म्हणजे काहीतरी घडलंय असं धरतात. आजार, नाहीतर त्याहून वाईट. नळावर शेजारच्या काकीनं बायकोला गाठलंच. ही काकी म्हणजे गल्लीची बातमीदार. विचारती झाली, डोक्यावरचा पदर खाली येईना झालाय तुझा, देवाला केस दिलं काय.  बायको गडबडीत व्हय म्हणाली. कुठल्या देवाला, तर जोतिबाला, कारण तोंडात तेवढंच आलं. त्याच सुमाराला कट्ट्यावर मलाही कोणीतरी तेच विचारलं आणि मी म्हणालो तिरुपतीला. काकीनं दोन्ही बातम्या एकत्र आणून आमच्या दारात टाकल्या.

"एका डोक्याचं केस दोन देवांस्नी कसं दिलासा गं? आन् जोतिबाला बायका केस कवापासनं द्यायला लागल्या?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघेना झालो.

खोटं तिथंच राहिलं असतं तर बरं. पण नवस म्हटल्यावर तो कशासाठी हा प्रश्न येतोच. दारात लग्नाची पोरगी, आईनं केस दिलेले, म्हणजे पोरीला काहीतरी झालं असणार. चार दिवसांत गल्लीभर झालं की आमच्या मुलीला फिट येतात आणि त्यासाठी आईनं डोकं मोकळं केलं. मुलगी ठणठणीत. उभ्या जन्मात तिनं सलाईन बघितलं नव्हतं. पण कागलला निरोप पोचायला वेळ लागला नाही. मध्यस्थ येऊन सांगून गेला की पाहुणे साखरपुड्याआधी एकदा येऊन जाणार आहेत, थोडं विचारायचं आहे. सांगताना तो चपलेशी खेळत होता. मी समजलो.

होणारी विहीण आणि तिचा दीर, दोघं आले. विहीण अंगानं भरलेली, आवाज मोठा, बोलायला रोखठोक. चहा झाला. तिनं कप खाली ठेवला आणि विचारलं, पोरीला काय हाय ते आत्ता सांगा, मागनं कळलं तर दोन्ही घरांची शोभा हुईल. मी म्हटलं काही नाही. मग नवस कसला, ती म्हणाली. आता नवस नव्हताच म्हणावं, तर केस का कापले. केस का कापले सांगावं, तर जोतिबाच्या पायऱ्यांपासून सगळं सांगायला पाहिजे. बायको पदराचं टोक दातात धरून बसलेली. तिला मुलीचं लग्न मोडलेलं चालत नव्हतं आणि डोकं उघडं करणंही होत नव्हतं. माझी मान खाली. फाउंड्रीत उकळत्या लोखंडासमोर उभं राहिलेला माणूस मी, पण त्या बाईच्या तोंडाकडे मला बघता येईना. आतल्या दाराआड मुलगी उभी आहे हे मला तिच्या बांगड्यांवरून कळत होतं.

तेवढ्यात पार्लरवाली आत आली. कोणी बोलावलं नव्हतं. समोरच्या खिडकीतून तिनं पाहुणे आलेले बघितले होते आणि गल्लीत काय पिकलंय ते तिलाही माहीत होतं. सरळ विहिणीसमोर येऊन उभी राहिली.

"मावशी, नवसबिवस काय न्हाय. आक्कांचं केस मी बिघडवलं. मला जमत न्हवतं तरी कापलं. लाजंपायी त्यांनी देवाचं नाव घेतलं. पोरीला कायबी न्हाय."

"तू कोण?"

"समोरची पार्लरवाली."

"आन् हे गल्लीत कळलं तर तुज्याकडं कोण यील गं?"

"न्हाय आलं तर न्हाय."

विहिणीनं तिच्याकडे बघितलं, मग माझ्या बायकोकडे. म्हणाली, पदर काढा. बायको हलली नाही. विहीण उठून तिच्यापाशी गेली, शेजारी बसली, पण पदराला हात लावला नाही. थांबली. बायकोनं डोळे मिटून स्वतःच पदर मागं सारला.

 विहिणीचा दीर भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला.

"लई वंगाळ कापलंस गं," विहीण पार्लरवालीला म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आमच्यात खोटं चालत न्हाय. वंगाळ केस चालत्यात. साखरपुड्याचं बगा."

पार्लरवाली जशी आली तशी गेली. जाताना दाराशी तिला काकी भेटली. काकी कान लावून उभीच होती. म्हणजे संध्याकाळपर्यंत पेठेला कळणार हे ठरलेलं. आणि तसंच झालं. त्या हंगामात नवरीचं एकही काम तिच्याकडे आलं नाही. ठरलेल्या मुलींनीही दुसरीकडे सांगितलं. पोरी तिच्या दारावरून जाताना एकमेकींना म्हणायच्या, केस झोपल्यात का मेल्यात. तिला ते ऐकू जायचं. ती पडद्याआड बसून रिकाम्या खुर्चीचा आरसा पुसायची. आमच्या मुलीचं लग्न वाचलं आणि तिचं पोट गेलं. मी रोज त्या दारावरून कामाला जायचो. जाताना चपलेकडे बघत जायचो.

माझ्या बायकोनं मात्र एक केलं, जे मला जमलं नसतं. साखरपुड्याच्या दोन दिवस आधी, सकाळी नळाला पाणी आलेलं, गल्लीतल्या सगळ्या बायका बाहेर. ही घरातून निघाली ती पदर खांद्यावर ठेवून. डोकं उघडं. तसल्या केसांनिशी रस्ता ओलांडून समोर गेली. माशांचा पडदा उचलून वर खिळ्याला अडकवला आणि खुर्चीत जाऊन बसली. मी आमच्या दारातून बघत होतो.

"काप," ती म्हणाली.

पार्लरवाली घाबरली. आता उरलंय काय, तिनं विचारलं.

"हाय तेवढं काप. दार मातूर उघडं राहू दे."

बायका घागरी तिथंच ठेवून गोळा झाल्या.  पार्लरवालीनं यावेळी केस ओले केले नाहीत. कोरड्या केसांवरच, थोडं कापायचं, लांब जाऊन बघायचं, परत थोडं कापायचं. पायऱ्या सगळ्या काढून टाकल्या आणि मानेशी एका रेषेत आणले. मग डोकं पुढं वाकवायला सांगून मुळाशी वाऱ्याचं मशीन फिरवलं, गोल रोलर लावले, काढले, बारीक फणीनं आतून उलटं विंचरून वरून हलका हात फिरवला. किती वेळ गेला कोण जाणे. नळाचं पाणी जाऊन बराच वेळ झाला होता तरी कोणी हललं नाही. शेवटी तिनं खुर्ची गल्लीकडे फिरवली.

केस काही दाट झाले नव्हते. पण होते ते एकत्र उभे होते. बायकोची मान लांब आहे हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी दिसलं. काकी म्हणाली, बँकेतली बाई दिसायला लागली की. तेव्हापासून गल्लीत तिला बँकेतली बाई नाव पडलं. ती रागवायची नाही. मला वाटतं तिला ते आवडायचं.

साखरपुड्याला ती तशीच गेली, कानामागं मोगऱ्याचा एकच गजरा पिनेनं लावून. कागलच्या बायका बघत होत्या. विहिणीनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं की कुठं कापलासा. बायकोनं पार्लरवालीचं नाव घेतलं. हळूहळू ज्यांचे केस पातळ अशा बायका समोरच्या खोलीत येऊ लागल्या. आधी चोरून, पडदा पाडून. कोणाचे बाळंतपणात गेलेले, कोणाचे तापात. ती सगळ्यांचे केस तळहातावर घेऊन बघायची आणि तेच म्हणायची. फक्त आता त्याच्या पुढं एक वाक्य वाढलं होतं. जमलं न्हाय तर सांगीन.

बायको दर महिन्याला तिच्याकडे जायची. दोघी काय बोलत असतील ते मला कधी कळलं नाही. बाहेर हसणं ऐकू यायचं. मी विचारलं तर बायको म्हणायची, तुमचं न्हवतं बोलत, तुमच्यात बोलण्यासारखं काय हाय.

पुढं त्या घराच्या मालकानं घर पाडून दुकानं काढली. पार्लरवाली नवऱ्याला घेऊन गडमुडशिंगीला सासरच्या घरात राहायला गेली. तिथं पुढच्या पडवीत खुर्ची मांडली. समोर आता मोबाइलचं दुकान आहे. बायको महिन्यातून एकदा बसनं मुडशिंगीला जायची. मी म्हणायचो, पेठेत आता पाच पार्लरं झालीत, एवढ्या लांब कशाला. ती पिशवी घेऊन निघून जायची आणि संध्याकाळी मानेशी नीट कापलेले केस घेऊन परत यायची.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी ती चहा गाळताना खाली बसली ती उठलीच नाही. छातीत कळ आली एवढंच बोलली. डॉक्टर आला, हात धरून बघितला आणि सोडला. त्याच्यापुढचं मला सरळ आठवत नाही. मुलगी आली, विहीण आली, गल्ली आली. मुलीनं मुडशिंगीला फोन केला असावा. मला एवढं आठवतं की मी बाहेरच्या पायरीवर बसलो होतो आणि रिक्षातून पार्लरवाली उतरली. हातात कापडी पिशवी. माझ्याकडे न बघता आत गेली.

बायकांनी आत अंघोळ घातली. हिरवं लुगडं, बांगड्या, सगळं झालं. बाहेर पुरुष तिरडी बांधून तयार, उन्हं चढत होती, स्मशानात सांगून ठेवलेलं. आणि आतून वाऱ्याच्या मशीनचा आवाज यायला लागला. बाहेरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. आत काकी चिडून म्हणाली, मढ्याला मशीन लावतीस व्हय गं, रीत काय हाय का न्हाय तुला.

"वलं केस घिऊन आक्का जाणार न्हाईत," पार्लरवाली म्हणाली. "वलं आसलं की टाळू दिसती. तेवढी एकच लाज होती त्यांस्नी."

मला हे माहीत नव्हतं. उभा जन्म एका घरात राहिलो. न्हाऊन आल्यावर ती टॉवेल गुंडाळून का बसून राहायची, केस वाळल्याशिवाय दारात का यायची नाही, मी समजत होतो तिला सर्दी होते.

मशीन थोडा वेळ चाललं आणि बंद पडलं. लोडशेडिंगची वेळ झाली होती. बाहेर कोणीतरी म्हणालं, झालं, आता उचला. तेव्हा विहीण दारात आली. तिनं आवाज चढवला नाही. म्हणाली, जरा थांबा, अजून व्हायचंय. आणि तिथंच चौकटीला हात लावून उभी राहिली. मग कोणी उचला म्हणालं नाही. सगळी गल्ली उन्हात उभी होती.

शेवटचं कुंकू लावायला मला आत बोलावलं. पार्लरवाली बायकोच्या उशाशी मांडी घालून बसलेली. बायकोचं डोकं तिच्या मांडीवर. स्वतःच्या लुगड्याच्या पदरात ती एकेक बट घ्यायची, दाबायची, सोडायची, मग तोंडानं हळू फुंकर घालायची आणि पुढची घ्यायची. अर्धे केस मशीननं वाळलेले होते, अर्धे असे. मी खाली बसलो तेव्हा शेवटच्या दोन-तीन बटा राहिल्या होत्या. मी थांबलो. तिनं त्या केल्या. बोटांनी मुळापासून थोडे उचलले, मानेशी बसवले. कुठूनही टाळू दिसत नव्हती. मग तिनं मान हलवून मला सांगितलं की लावा.

आम्ही पंचगंगेवरून परत आलो तेव्हा दुपार कलली होती. दाराशी पाणी ठेवलेलं. मी पाय धूत होतो आणि ती पिशवी घेऊन बाहेर पडत होती. मला तिला काहीतरी म्हणायचं होतं. काय म्हणायचं ते ठरलं नव्हतं, पण म्हणायचं होतं. तिलाही असावं, कारण ती पायरीवर थांबली. पण मयताच्या घरातून निघताना येते म्हणत नाहीत, आणि घरच्यांनी या म्हणायचं नसतं. दोघांनाही ते ठाऊक होतं. माझ्या पायावरून पाणी ओघळत राहिलं. ती उतरून रस्त्याला लागली. केस टिपलेला पदर तिनं निघताना धुऊन घेतला असावा, कमरेपर्यंत ओला होता. तो पाठीवर पसरून टाकून, उन्हातून ती बसस्टॉपकडे गेली.